नावं झाकून वाचलेलं गाइड

पहिल्या हिवाळ्यात मी रेसच्या गाइडमधली, म्हणजे सीझनच्या तोंडावर निघणाऱ्या घोड्यांच्या माहितीच्या पुस्तकातली, नावं उतरवून घेतली होती. बासष्ट घोडे. नवी कोरी वही, प्रत्येक नावापुढे ट्रेनर आणि शेवटी एक छोटा चौकोन. घोडा जिंकला की त्यात खूण करायची. एप्रिल उजाडला तेव्हा बहुतेक चौकोन रिकामे होते. त्याचं एवढं काही वाटलं नाही. पण ते रिकामे का राहिले, हे मला एकाही घोड्याबद्दल सांगता येत नव्हतं, आणि ते मात्र मनाला लागलं.

मी इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टची नोकरी करते. माहेर पुण्याचं. पुण्याची रेस पावसाळ्यात असते आणि लहानपणी बाबा मला कधीमधी घेऊन जायचे. ओल्या गवताचा वास, चिखलाचे शिंतोडे उडालेले जॉकींचे रंगीत कपडे, बाबांच्या खिशात उभी घडी घालून ठेवलेलं रेसचं पुस्तक. आईला घरात 'रेस' हा शब्दसुद्धा खपायचा नाही. तिच्या माहेरी कुणीतरी त्या नादापायी धुळीला मिळालं होतं. म्हणून बाबा पैसे लावायचे नाहीत, नुसते घोडे बघायचे. मीही लावत नाही. हे आधीच सांगते, कारण इथली गाइडं मुख्यतः बेटिंग करणाऱ्यांसाठी निघतात आणि मी ती वेगळ्या ओढीनं वाचते.

ती ओढ अशी. पुण्या-मुंबईची रेस सपाटीवरची. तिथला घोडा लहान वयात पळायला लागतो आणि फार चांगला निघाला तर लवकरच पैदाशीसाठी स्टडवर जातो. इंग्लंड-आयर्लंडच्या जम्प रेसिंगमध्ये, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतींत, बहुतेक नर खच्ची केलेले असतात. पैदाशीचा प्रश्नच नाही, त्यामुळे घोडा दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत दर हिवाळ्याला परत येत राहतो. रेड रमनं ग्रँड नॅशनल १९७३ आणि १९७४ मध्ये जिंकली आणि मग पुन्हा १९७७ मध्ये, बाराव्या वर्षी. कौटो स्टारनं केम्प्टनची किंग जॉर्ज पाच वेळा घेतली, शेवटची २०११ मध्ये. म्हणजे एका घोड्याशी तुमची पाच-सहा वर्षांची ओळख होऊ शकते. तो हर्डलवर, म्हणजे छोट्या अडथळ्यांवर, कसा होता, मोठ्या फेन्सवर गेल्यावर कसा बिचकला, पायाच्या दुखण्यानं एक वर्ष घरी कसा बसला, सगळं तुमच्यासमोर घडतं. ऑक्टोबरचं गाइड मला त्यामुळे गावाकडून आलेल्या पत्रासारखं वाटतं. कोण अंगानं भरलं, कोण आजारी होतं, कुणाला नवीन घर मिळालं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. निवृत्त नालबंद. चाळीस वर्षं त्यांनी आसपासच्या तबेल्यांमधल्या घोड्यांना नाल ठोकले. इथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नावानंच हाक मारते, पण मनातल्या मनात ते आजोबाच. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात मी माझी रिकाम्या चौकोनांची वही त्यांना दाखवली. त्यांनी पानं उलटली, काही बोलले नाहीत. मग टेबलावरचं नवं गाइड उघडलं, माझं एक जाडसर शुभेच्छापत्र घेतलं आणि ते पानाच्या वरच्या भागावर असं ठेवलं की घोड्याचं नाव, ट्रेनरचं नाव, मालकाचं नाव सगळं झाकलं गेलं. फक्त खालचा मजकूर दिसत होता.

"आता वाच."

मजकूर साधारण असा होता: पाच वर्षांचा, आयर्लंडमध्ये पॉइंट-टू-पॉइंट (शेतातली हौशी शर्यत) जिंकून आलेला. गेल्या सीझनला दोन मैलांच्या हर्डलमध्ये आधी तिसरा, मग दुसरा, मग पहिला. तिन्ही वेळा शेवटच्या फर्लांगात सगळ्यांत जोरात. यंदा फेन्स.

"याला काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"लांब अंतर," मी म्हटलं. "दोन मैल त्याला कमी पडतात."

"मग ऑक्टोबरमध्ये तो दोन मैलांत हरला तर?"

"तर काही बिघडलं नाही."

"आणि जिंकला तर?"

यावर मी थोडी थांबले. जिंकला तर तो मी समजते त्याहून खूप चांगला आहे. हे पूर्वी मला सुचलंच नसतं, कारण पूर्वी माझ्याकडे फक्त नाव होतं, आणि नावाला हरणं किंवा जिंकणं एवढंच ठाऊक असतं. आजोबांनी कार्ड बाजूला केलं तेव्हा खालचं नाव मी कधी ऐकलेलंही नव्हतं. आदल्या वर्षी मी ते पान सरळ उलटून पुढे गेले असते.

तेव्हापासून मी गाइड नावं झाकून वाचते आणि वहीत आधी कारण उतरवते. नाव सगळ्यांत शेवटी.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शर्यत साधारण दोन मैलांच्या, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या खाली नसते. चेल्टनमची गोल्ड कप सव्वातीन मैलांहून थोडी जास्त, ग्रँड नॅशनल तर जवळजवळ सात किलोमीटर. अडथळे दोन जातींचे. हर्डल किमान साडेतीन फूट, हलकं, धक्का लागला तर लवणारं. फेन्स किमान साडेचार फूट, बर्चच्या काटक्या घट्ट आवळून बांधलेली. ती लवत नाही, घोड्यालाच वर उचलावं लागतं. बहुतेक घोडे एक-दोन सीझन हर्डलवर काढतात आणि मग फेन्सवर जातात. त्याआधी बंपर नावाची एक सपाट शर्यत असते, अडथळ्यांविना, फक्त सवय व्हावी म्हणून. गाइडची मांडणीही याच वाटेनं जाते: बंपरमधून हर्डलवर येणारे, हर्डलवरून फेन्सवर जाणारे, हँडिकॅपमधले (जिथे चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात), फ्रान्सहून विकत आणलेले आणि आयर्लंडच्या शेतातल्या पॉइंट-टू-पॉइंटमधून लिलावात घेतलेले. कागदोपत्री सीझन एप्रिलअखेर सँडाउनला संपतो आणि लगेच नवा सुरू होतो, पण मोठे घोडे उन्हाळाभर कुरणात सोडलेले असतात. पावसानं जमीन मऊ होऊ लागली की ते परत येतात.

फॉर्मची, म्हणजे आधीच्या शर्यतींच्या निकालांची, ओळ वाचायलाही मी आजोबांच्याच स्वयंपाकघरात शिकले. समजा नावाच्या डावीकडे ३१/एफ२पी-१ असं छापलंय. वाचायचं उजवीकडून, कारण ताजी शर्यत उजव्या टोकाला. आडवी रेघ म्हणजे सीझन बदलला. म्हणजे या सीझनला एकदा पळाला आणि जिंकला. गेल्या सीझनला आधी पडला, मग दुसरा आला, मग जॉकीनं मध्येच थांबवलं. एफ म्हणजे पडला, पी म्हणजे थांबवला, यू म्हणजे जॉकी खाली आला पण घोडा उभाच राहिला. हे सगळं गाइडच्या पहिल्या पानावर दिलेलं असतं, मला ते पाठही होतं. पण आजोबांची पेन्सिल आकड्यांवर थांबलीच नाही. ती त्या तिरप्या रेघेवर जाऊन टेकली.

"इथं एक अख्खं वर्ष आहे," ते म्हणाले.

तिरपी रेघ म्हणजे मधला पूर्ण सीझन घोडा पळालाच नाही. बहुतेक वेळा पुढच्या पायाची शीर दुखावलेली असते. मग महिनोन्‌महिने तबेल्यात उभं राहायचं, नंतर हातात दोरी धरून चालवणं, मग हळूहळू दुडकी. कुणीतरी रोज पहाटे उठून त्या पायावर थंड पाणी सोडलेलं असतं. छापलेल्या ओळीत त्याला एका तिरप्या रेघेएवढी जागा मिळते. मी आता गाइड हातात घेतलं की आधी या रेघा शोधते. त्यानंतरचा पहिला आकडा काय आहे आणि दुसरा काय, ते बघते. परत आल्यावर पहिल्या वेळी छान पळून दुसऱ्या वेळी ढेपाळणारे बरेच असतात.

सगळ्यांत अवघड असतात ट्रेनरच्या मुलाखती. गाइडचा मोठा भाग त्यांनीच भरलेला. सुरुवातीला मला त्या गोड वाटायच्या. प्रत्येक घोडा चांगला, प्रत्येकाकडून अपेक्षा. नंतर लक्षात आलं की हे पान घोड्याचा मालकसुद्धा वाचणार असतो. आपल्या शाळेतल्या बाई पालकसभेत जसं बोलतात तसं हे बोलणं. खोटं नसतं, पण त्यातला अर्थ शोधावा लागतो. 'अजून अंगात भरायचाय' म्हणजे यंदा फार अपेक्षा नको, पुढच्या वर्षी बघा. 'घरी काही दाखवत नाही' म्हणजे सरावात आळशी, शर्यतीत कदाचित वेगळा निघेल. 'पहिल्या धावेनंतर सुधारेल' म्हणजे ऑक्टोबरमध्ये पोट सुटलेलंच असणार. 'मार्क बरा मिळालाय' हे वाक्य मी अधोरेखित करते. हँडिकॅपमध्ये त्याच्यावर जेवढं वजन चढायला हवं त्यापेक्षा कमी चढलंय, असं ट्रेनरला वाटतंय. आणि 'फेन्स बघितली की जागा होईल' हे वाक्य आलं की मी त्या घोड्याची उंची आणि त्याचा बाप कोण ते शोधते. जॉनबॉनचा बाप वॉक इन द पार्क, आणि इनोदवेयूर्थिंकिनचाही तोच. असे धागे हाताला लागले की पानंच्या पानं एकमेकांशी बोलायला लागतात.

गाइडमध्ये काय छापलेलं नाही, तेही बघावं लागतं. ट्रेनर तीस घोड्यांबद्दल भरभरून बोलला आणि गेल्या वर्षीच्या त्याच्या सगळ्यांत मोठ्या घोड्याबद्दल दोनच वाक्यं बोलला, तर माझ्या वहीत तिथे प्रश्नचिन्ह पडतं.

२०२४ च्या सप्टेंबरात माझ्याकडे तीन गाइडं होती. एक नुसतं मुलाखतींचं, एक निवडक पन्नास-साठ घोड्यांचं आणि एक आकडेवारीचं. रात्रपाळीनंतर झोप लागत नाही तेव्हा मी ती घेऊन बसायची. तिन्हींत एकच घोडा आला की आनंद व्हायचा आणि मग शंका यायची, कारण तिघांनीही एकाच मार्चमधली एकच शर्यत बघून लिहिलेलं असू शकतं. म्हणून मी नियम केला: तीन गाइडांत तीन वेगवेगळी कारणं असतील तरच वहीत दुहेरी खूण. एकच कारण तीनदा छापलेलं असेल, तर ते एकदाच मोजायचं.

आकड्यांचं म्हणाल, तर घोड्यांना गुण देणाऱ्या टाइमफॉर्म या संस्थेचं रेटिंग मी जपून वापरते. १९६० च्या दशकातल्या आर्कल या घोड्याला त्यांनी दिलेलं २१२ अजून कुणी गाठलेलं नाही, आणि अशा आकड्यांच्या गप्पा रंगतातही छान. पण माझ्या उपयोगाचं असतं ते रेटिंगच्या शेजारचं बारीक अक्षर. तिथे लहान 'पी' असला तर अर्थ असा, की हा घोडा अजून सुधारेल असं मोजणाऱ्याला वाटतंय. १५५ चं नुसतं रेटिंग आणि शेजारी 'पी' असलेलं १४५, यांत मी ऑक्टोबरमध्ये दुसरं निवडते. आणखी एक बारीक गोष्ट. जानेवारी २०१८ पासून ब्रिटनमध्ये घोड्याच्या श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्यानंतरच्या पहिल्या शर्यतीला ते रेसकार्डवर जाहीर करावं लागतं. गेल्या सीझनला शेवटच्या वळणावर अचानक संपून जाणारा घोडा आणि आता ही खूण, हे दोन्ही जुळलं की जुना फॉर्म बाजूला ठेवून त्याला नव्यानं बघायचं.

कोर्सचे नकाशे मात्र मी पाठ केले. चेल्टनम, हेडॉक, न्यूबरी, चेपस्टो डाव्या हाताचे; केम्प्टन, सँडाउन, अ‍ॅस्कट उजव्या. ज्या घोड्याला उडी मारताना डावीकडे सरकायची सवय आहे तो उजव्या वळणाच्या कोर्सवर प्रत्येक फेन्सला थोडी थोडी जमीन हरतो. वहीत त्यासाठी एक वेगळा रकाना आहे.

रविवारी बाबांचा फोन असतो. मी त्यांना वाचून दाखवत होते, हा असा, तो तसा. ते ऐकत होते. मग म्हणाले, "अगं, पंचांगात मृगाचं वाहन बेडूक लिहिलेलं असतं, भरपूर पाऊस म्हणून. पण छत्री आपण आभाळ बघूनच घेतो ना? तू आता आभाळ बघायला जा."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चेपस्टोची दोन दिवसांची मीटिंग असते. ग्लॉस्टरहून सरळ गाडी आहे, सेव्हर्न नदीच्या कडेकडेनं जाणारी. आजोबांना घेऊन गेले. स्टेशनपासून कोर्सपर्यंत चढ आहे, म्हणून वर टॅक्सी केली. वहीतला एक घोडा पाच-सहा वर्षांच्या नवशिक्यांच्या शर्यतीत होता. त्याचं नाव इथे देण्याची गरज नाही. कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'मोठा, संथ, जड जमीन हवी, अडीच मैलांच्या पुढे.'

पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याला टेकून आम्ही उभे राहिलो. मी तोंडाकडे आणि चालीकडे बघत होते, आजोबा खाली. त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि मागच्या पायांकडे बोट दाखवलं. तयारीतल्या घोड्याच्या मागच्या फऱ्यावर, शेपटीच्या बाजूनं खाली उतरणारी एक उभी खाच दिसते. स्नायू दोन्ही बाजूंनी उठून आलेले असतात, मधली रेघ सावलीसारखी. आमच्या पुढून गेलेल्या तीन घोड्यांना ती स्पष्ट होती. माझ्या घोड्याला नव्हती. तिथे सगळं गुळगुळीत, गोल. पोटाखालची रेषाही सरळ, वर चढलेली नाही. अंगावर मात्र सुंदर तकाकी, उन्हाळ्यात चांगलं खाल्लेल्याची. मग आजोबा खूर बघत राहिले. ते रुंद आणि पसरट होते. "असे पाय कडक जमिनीवर दुखतात," ते म्हणाले. "चिखलात मात्र हा खचणार नाही."

गाइडनं 'जड जमीन हवी' असं एका वाक्यात छापलं होतं. त्या वाक्याचं कारण माझ्यासमोरून चार पायांवर चालत गेलं.

तो पाचवा आला. शेवटच्या दोन हर्डलना दमला होता, पण उडी नीट घेत होता, कान पुढे. पहिल्या वर्षी मी अशा घोड्यावर रेघ मारली असती. या वेळी लिहिलं: 'तयार नव्हता. जमीन कोरडी. उडी चांगली. डिसेंबरनंतर बघ.' जानेवारीत पावसानं फुगलेल्या कोर्सवर, पावणेतीन मैलांत, त्यानं शेवटच्या हर्डलनंतर पुढच्या दोघांना गाठलं. मी कामावर होते, नंतर रेकॉर्डिंग बघितलं. सहकाऱ्यांना कळेना ही का रडतेय.

गाइड कुठे कमी पडतं, तेही त्या हिवाळ्यात दिसलं. सर गीनोबद्दल माझ्या वहीत अख्खं पान होतं. गेल्या सीझनचा अजिंक्य पोरगा, आता फेन्सवर जाणार असा बेत. पण त्याच तबेल्यातला कॉन्स्टिट्यूशन हिल नोव्हेंबरअखेरच्या फायटिंग फिफ्थ शर्यतीसाठी तयार झाला नाही आणि त्यांचे ट्रेनर निकी हेंडरसननी त्याच्या जागी सर गीनोला न्यूकासलला हर्डलवरच उतरवलं. जिंकला. ख्रिसमसनंतर केम्प्टनला तो पहिल्यांदा फेन्सवरून गेला आणि बॅलिबर्नला हरवलं. मी बाबांना फोन करून फक्त त्याच्या उड्यांचं वर्णन करत होते. जानेवारीत त्याच्या पायाला संसर्ग झाला आणि सीझन तिथेच संपला. सप्टेंबरात लिहिलेला बेत, नोव्हेंबरात बदललेला बेत आणि मग कुठलाच बेत नाही. घोड्याच्या बाबतीत छापलेला शब्द फार दिवस टिकत नाही. गाइड वाचून झालं की काम संपलं असं समजू नये, एवढंच मी म्हणेन. मी दर रविवारी जुन्या नोंदीशेजारी नवी तारीख घालून नवी नोंद करते. जुनी खोडत नाही. आपण काय समजत होतो, ते दिसत राहायला हवं.

७ डिसेंबरला आम्ही पुन्हा चेपस्टोला जायचं ठरवलं होतं. डॅरा वादळ आलं आणि चेपस्टो आणि लिव्हरपूलजवळचं एन्ट्री, दोन्हीकडच्या शर्यती रद्द झाल्या. सँडाउन वाचलं, तिथे जॉनबॉननं टिंगल क्रीक जिंकली. आमच्या गल्लीतली एक जुनी भिंत पडली. दिवसभर मी आजोबांकडे बसून वही नीट केली.

मार्चमध्ये चेल्टनमचा मोठा मेळा. ११ तारखेला, मंगळवारी, मला सुट्टी नव्हती. चॅम्पियन हर्डल मी ब्रेकमध्ये फोनवर बघितली. कॉन्स्टिट्यूशन हिल पडला. मग आघाडीवर असलेला स्टेट मॅन शेवटच्या हर्डलला पडला. आणि गोल्डन एस ही घोडी जिंकली. माझ्या वहीत तिच्या नोंदीत लिहिलेलं होतं: 'चेल्टनमचा चढ आवडतो.' २०२४ च्या मार्चमध्ये तिनं याच कोर्सवर नवशिक्या घोड्यांची शर्यत जिंकली होती, म्हणून. कारण खरं होतं. पण ती चॅम्पियन हर्डल जिंकेल असं मला कधीच वाटलं नव्हतं, आणि ते दोघे उभे राहिले असते तर ती जिंकलीही नसती. हे मी तसंच लिहून ठेवलं.

बुधवारी मी आणि आजोबा कोर्सवर होतो. त्या दिवसाबद्दल कुठल्याच गाइडमध्ये काही असणं शक्य नव्हतं.

मरीन नॅशनाल माझ्या वहीत होता. कारणाच्या रकान्यात: 'दोन मैल, खरा वेग. गेलं वर्ष दुखापतीत. चेल्टनम माहीत आहे.' फेब्रुवारीत लेपर्ड्सटाउनला सॉलनेसनं त्याला हरवलं तेव्हा मी शेजारी लिहिलं होतं, 'अजून नाही.' त्याच आठवड्यात थर्ल्सला मायकल ओ'सलिव्हन पडला. २४ वर्षांचा जॉकी, पूर्वी मरीन नॅशनालवर तोच असायचा. १६ फेब्रुवारीला तो गेला. त्या रविवारी मी वहीत काहीच लिहिलं नाही.

क्वीन मदर चॅम्पियन चेसमध्ये सगळ्यांचं लक्ष जॉनबॉनवर होतं. मरीन नॅशनाल, वर शॉन फ्लॅनगन, शेवटच्या फेन्सनंतर चढावर एकटाच आला, जॉनबॉन मागे. आजूबाजूला ओरडा होता आणि मग विजेत्यांच्या आवारात घोडा परतला तेव्हा टाळ्या वाजत होत्या, पण वेगळ्या. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. त्याच्या पुढच्याच शर्यतीत, ग्रँड अ‍ॅन्युअलमध्ये, जॅझी मॅटी जिंकला. तो माझ्या वहीत नव्हता. तिन्ही गाइडांतली माझी टिपणं मी चाळली, कुठे नव्हता. आजोबांनी मात्र टोपी काढली आणि हळूच म्हणाले, "हाही त्याचाच."

घरी आल्यावर मी पहिल्या हिवाळ्याची वही काढली, ती बासष्ट नावांची. मागच्या पानांवर मी त्या वेळी टीव्हीसमोर बसून चेल्टनमचे निकाल उतरवले होते. १४ मार्च २०२३, मंगळवार. पहिली शर्यत, सुप्रीम: मरीन नॅशनाल. त्याच दिवशी बूडल्स: जॅझी मॅटी. जॉकीच्या रकान्यात दोन्हीकडे एकच नाव, दुसऱ्या वेळी घाईत अर्धवट लिहिलेलं. मी ते पूर्ण केलं आणि खाली पेन्सिलीनं तारीख घातली, १२ मार्च २०२५.